प्रतिज्ञेतला 'मी'

मराठीत सर्वाधिक वेळा उच्चारला गेलेला आधुनिक गद्य उतारा कोणता, असा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांना केला, तर उत्तरादाखल बहुधा एखाद्या नामवंत लेखकाचे नाव पुढे येईल. आमच्या मते तो मान पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेल्या प्रतिज्ञेचा आहे. महाराष्ट्रातील शाळांच्या परिपाठात ती गेली कित्येक दशके म्हटली जाते. तरीही त्या उताऱ्याकडे मजकूर म्हणून कोणी पाहिल्याचे सहसा आढळत नाही. जे सर्वांना पाठ असते ते कोणी वाचत नाही, हा अनुभव आपल्याला आरत्यांच्या बाबतीतही आहेच.

शाळेत मुलांकडून देशनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणून घ्यावी काय, या प्रश्नावर अधूनमधून वाद होतात. एका बाजूस ती न म्हणणाऱ्याच्या देशप्रेमाविषयी शंका घेतली जाते, तर दुसऱ्या बाजूस तिला केवळ पोपटपंची ठरवले जाते. दोन्ही पक्ष प्रतिज्ञा या प्रकाराच्या इतिहासाकडे सारखेच दुर्लक्ष करतात. तो इतिहास थोडक्यात मांडावा आणि त्याच्या आधारे काही निष्कर्ष काढावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ शब्दापासून करू. 'प्रतिज्ञा' या शब्दाच्या मुळाशी 'ज्ञा' म्हणजे जाणणे हा धातू आहे. महाकाव्यांमुळे तिचा व्रत वा पण हा अर्थ आपल्या मनात रुजला. भीष्माची प्रतिज्ञा आपल्याला आठवते ती एवढ्यासाठी की त्याने ती एकदाच घेतली आणि आयुष्यभर तिची किंमत मोजली. दुसरा अर्थ न्यायशास्त्रातला. अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. म्हणजे नैयायिकांच्या लेखी प्रतिज्ञा हे अजून सिद्ध व्हावयाचे विधान असते. ती उच्चारल्याने वाद संपत नाही; तेथून तो सुरू होतो. हेतू आणि उदाहरण दिल्यावाचून नुसतीच प्रतिज्ञा शंभर वेळा उच्चारणाऱ्याला कोणत्याही वादसभेत कोणी विजयी म्हटले नसते.

हे दोन्ही अर्थ एकत्र नांदल्याचे एक ठळक उदाहरण आपल्या अलीकडच्या इतिहासात आहे. १९२९च्या डिसेंबरात लाहोर येथे काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर सभा भरवून लोकांसमोर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. तो मजकूर आजही वाचण्याजोगा आहे. त्यात नुसती निष्ठा नाही. परकीय सत्तेने देशाचा आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी ऱ्हास कसा केला, याचे कारणवार विवेचन आधी येते. कर, हातउद्योगांचा नाश, जकात आणि चलन यांचा हिशोब मांडला जातो आणि त्यानंतर निर्धाराचे वाक्य येते. प्रतिज्ञेसोबत हेतू होता आणि उदाहरणेही होती. ऐकणारी माणसे प्रौढ होती, स्वेच्छेने जमली होती आणि संमती दिल्याने तुरुंगाची वाट धरावी लागेल हे जाणून होती. सभेला न जाण्याची मुभा प्रत्येकाला होती, म्हणून जाण्याला मोल होते.

पुढचे उदाहरण विद्यार्थ्यांचेच आहे. १९३८च्या अखेरीस निजामाच्या हैदराबाद संस्थानात 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, तेव्हा तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या इंटरमिजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले. विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश दिला. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचा इतिहास लिहिताना हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या मुलांनी नेमके काय मागितले, हे सूक्ष्मपणे पाहिले पाहिजे. आपल्या तोंडून कोणते शब्द निघावेत हे सत्तेने ठरवू नये, अशी ती मागणी होती. त्याच गीताविषयी काही देशबांधवांच्या मनात संकोच आहे हे ध्यानात घेऊन काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ सालीच त्याची पहिली दोन कडवी स्वीकारली होती आणि त्याऐवजी दुसरे गीत म्हणण्याची मोकळीकही ठेवली होती. म्हणण्याचे स्वातंत्र्य आणि न म्हणण्याचे स्वातंत्र्य, दोन्हींची जाण त्या पिढीला होती.

शाळकरी मुलांनी रोज वर्गात म्हणावयाची देशनिष्ठेची प्रतिज्ञा या प्रकाराची सर्वांत प्रसिद्ध घडण मात्र अमेरिकेत झाली. १८९२ साली बोस्टनहून निघणाऱ्या 'द यूथ्स कम्पॅनियन' या नियतकालिकात ध्वजनिष्ठेची एक छोटी प्रतिज्ञा छापून आली. निमित्त होते कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाल्याचे. लेखक फ्रान्सिस बेलामी हे बाप्तिस्त धर्मोपदेशक आणि ख्रिस्ती समाजवादी होते. याच नियतकालिकाने शाळाशाळांना ध्वज विकण्याची मोहीमही चालवली होती. त्या काळी युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे येत होते आणि या नवागतांच्या मुलांना 'अमेरिकन' कसे करावे, ही चिंता जुन्या रहिवाशांना होती. ती चिंता मजकुरातही उतरली. मूळ प्रतिज्ञेत 'माझा ध्वज' असे शब्द होते. स्थलांतरिताच्या मुलाच्या मनात हा 'माझा' ध्वज मायदेशाचाही असू शकेल, या शंकेने १९२३ साली ते बदलून ध्वजापुढे देशाचे नाव घालण्यात आले. १९५४ साली, साम्यवादाशी शीतयुद्ध चालू असताना, तीत ईश्वराचा उल्लेख आला. त्या त्या काळातील भीतीची नोंद प्रतिज्ञेच्या पाठभेदांतून कशी होते, हे मजकुराच्या अभ्यासकांनी येथे पाहावे.

या प्रतिज्ञेवरून जे खटले झाले तेही बोधप्रद आहेत. जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी कोणत्याही राष्ट्रचिन्हाला वंदन करणे मूर्तिपूजेसमान मानतात. पेनसिल्व्हेनियातील या पंथाच्या दोन भावंडांनी १९३५ साली ध्वजवंदनास नकार दिला आणि त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९४० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने शाळेची बाजू उचलून धरली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर हे स्वतः व्हिएन्नाहून बालपणी आलेले ज्यू स्थलांतरित होते. या निकालानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. निष्ठेची सक्ती न्यायालयाने मान्य केली, तेव्हा जमावाने तिची अंमलबजावणी आपल्या हाती घेतली. अवघ्या तीन वर्षांनी, १४ जून १९४३ रोजी, त्याच न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातील एका खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निर्णय फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालपत्राचा आशय असा की, राजकारण, राष्ट्रवाद किंवा धर्म यांत प्रमाण मत कोणते हे ठरवून ते नागरिकांच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. हा निकाल ऐन महायुद्धात आला. ध्वजापुढे हात लांब करून करावयाची जुनी सलामी नाझी सलामीसारखी दिसू लागल्याने १९४२ साली रद्द करावी लागली होती, हेही त्याच काळातले. पुढे न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांविरुद्ध अमेरिकेतर्फे खटला चालवणारे जॅक्सन हेच होते.

आता आपल्या प्रतिज्ञेकडे येऊ. तिचा जन्मही चिंतेतूनच झाला. १९६१च्या प्रारंभी जबलपुरात भीषण दंगल उसळली होती. भाषावार प्रांतांचे वाद निवले नव्हते. दक्षिणेत स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी होत होती. त्या वर्षी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डॉ. संपूर्णानंद यांच्या अध्यक्षतेखाली भावनिक एकात्मता समिती नेमली. तिच्या शिफारशींत विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा देशाची प्रतिज्ञा घ्यावी, अशी एक सूचना होती. 'दोनदा' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पाठोपाठ १९६२चे चीनचे आक्रमण आले. त्याच वर्षी विशाखापट्टणम येथे जिल्हा कोषागार अधिकारी असलेले पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत एक प्रतिज्ञा लिहिली. ते मूळचे नलगोंडा जिल्ह्यातले आणि लेखक म्हणून परिचित होते. १९६३ साली ती विशाखापट्टणमच्या एका शाळेत प्रथम वाचली गेली. १९६४ साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक बंगळूर येथे भरली. अध्यक्षस्थानी तेव्हाचे शिक्षणमंत्री आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. २६ जानेवारी १९६५पासून देशातील शाळांत प्रतिज्ञा म्हटली जावी असे ठरले, आणि पुढे ती निरनिराळ्या भाषांतून पाठ्यपुस्तकांत गेली. तारीख तीच होती जी १९३०ची होती. मात्र १९३०च्या मजकुरातील कारणमीमांसेला येथे स्थान उरले नव्हते.

सुब्बाराव यांचे १९८८ साली निधन झाले. आपली प्रतिज्ञा देशभर म्हटली जाते हे त्यांना फार उशिरा, नातीच्या पाठ्यपुस्तकातून कळले, असे सांगतात. पिढ्यानपिढ्या ती त्यांच्या नावावाचून छापली गेली. साहित्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. ज्या मजकुराचा कर्ता 'मी' या शब्दाने बोलतो, तो कर्ताच आपण पुसून टाकला आणि त्या रिकाम्या 'मी'च्या जागी कोट्यवधी मुलांना उभे केले.

या 'मी'विषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. योगायोग असा की सुब्बाराव यांनी प्रतिज्ञा लिहिली त्याच १९६२ साली जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाची 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' ही व्याख्याने त्याच्या निधनानंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये जगाचे वर्णन करत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्याचा सिद्धान्त आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. वचन देणे, शपथ घेणे ही त्याची नेहमीची उदाहरणे. अशी कृती साधण्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: बोलणारा त्या कृतीस पात्र असावा आणि शब्दांमागे त्याचा तसा मानस असावा. रंगभूमीवर नटाने घेतलेली शपथ त्याला बांधत नाही, कारण तेथील 'मी' त्याचा नसतो. सहा वर्षांचे मूल परिपाठाच्या ओळीत हात पुढे करून जे म्हणते, ते या दोहोंपैकी कशात बसवायचे?

आपल्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्याच ठिकाणी देऊन ठेवले आहे. १९६९च्या शपथ अधिनियमात एक सवलत आहे. साक्षीदार बारा वर्षांखालील मूल असेल आणि खरे बोलण्याचे कर्तव्य त्याला कळत असले तरी शपथेचे स्वरूप कळत नाही असे न्यायालयास वाटले, तर त्याला शपथ देण्याचे बंधन नाही. त्याची साक्ष शपथेवाचून घेता येते. १८७२च्या करार अधिनियमानुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम मानली जात नाही. प्रौढांना तर आपण याहून अधिक मान देतो. १९६३ साली, म्हणजे प्रतिज्ञा प्रथम वाचली गेली त्याच वर्षी, सोळाव्या घटनादुरुस्तीने लोकप्रतिनिधींच्या शपथेत देशाचे सार्वभौमत्व आणि एकात्मता राखण्याचे वचन समाविष्ट झाले. चिंता तीच होती. पण आमदार-खासदाराला ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन यांतून निवड करता येते, आणि पद नको असेल तर तो शपथेपासून मुक्त असतो. शिवाय शपथ एकदा घेतली की पुरते. अधिवेशनाच्या दर सकाळी ती पुन्हा म्हणावी लागत नाही. जे अधिकारी-पुढाऱ्यांसाठी एकदा पुरेसे, ते मुलासाठी शेकडो वेळा का लागावे? वारंवार वचन मागणे हे विश्वासाचे लक्षण समजले जात नाही, असे आपले व्यवहारज्ञान सांगते.

याउलट बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद पाठांतराचा आहे आणि त्याला हलके लेखणे आम्हांस मान्य नाही. आपल्याकडे परवचा, पाढे, श्लोक, अभंग हे सारे अर्थ कळण्याच्या आधी मुखोद्गत होत आले आहे. शब्द आधी जिभेवर बसतो. अर्थ वयाबरोबर उतरतो. लहानपणी नुसती म्हटलेली ओवी चाळिशीत अचानक उलगडते, हा अनुभव कोणत्याही मराठी वाचकाला सांगावा लागणार नाही. शिवाय जातिधर्मांनी कप्पे पाडलेल्या या देशात, एकाच ओळीत उभ्या असलेल्या सर्व मुलांनी एकमेकांना भावंडे म्हणावे, यात एक मूक क्रांतीही आहे. ज्या घरात ते नाते शिकवले जात नाही, त्या घरातील मुलाच्या कानावर ते निदान शाळेत पडते.

हे सारे खरे मानूनही एक भेद उरतो. पाढा किंवा अभंग पाठ करणारे मूल कोणाला वचन देत नाही. बे दुणे चार हे त्याच्या संमतीवर अवलंबून नाही आणि अभंगातला 'मी' तुकोबांचा असतो, हे नाममुद्रेवरून त्यालाही ठाऊक असते. प्रतिज्ञेचे तसे नाही. तेथे 'मी' त्याचाच असावा लागतो, एरवी ती प्रतिज्ञाच उरत नाही. आपल्या मराठी पाठात 'पाईक' आणि 'पात्रता' हे दोन शब्द आले आहेत. 'पाईक' या शब्दामागे तुकोबांच्या पाईकीच्या अभंगांची परंपरा उभी आहे. तेथे पाईकाची पारख त्याच्या करणीवरून होते. आणि पात्रता अंगी यावी लागते, म्हणजे ती अजून यावयाची आहे, हे मजकूरच कबूल करतो. इतका नम्र मजकूर आपण एका दमात उरकायच्या कवायतीत बसवला, ही त्याची उपेक्षा आहे. भावंडांचे नाते रोज उच्चारूनही पाणवठ्यावरचे, पंगतीतले आणि लग्नाच्या बोलणीतले भेद टिकून राहतात, तेव्हा मूल प्रतिज्ञेहून वेगळाच एक धडा शिकते. मोठ्यांची काही वाक्ये फक्त म्हणावयाची असतात, हा तो धडा.

सक्तीचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला आहे. केरळातील एका शाळेतून तीन भावंडांना जुलै १९८५मध्ये काढून टाकण्यात आले. तीही जेहोवाज विटनेसेस पंथाचीच होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. मात्र धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या पीठाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. अमेरिकेतील दोन्ही निकालांचा परामर्श घेऊन, गायलाच हवे असे कोणताही कायदा सांगत नाही आणि आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. राष्ट्रगीताला तर संविधानातील मूलभूत कर्तव्यांत स्थान आहे. प्रतिज्ञेचा उल्लेख संविधानात नाही. मग जी मोकळीक राष्ट्रगीताच्या बाबतीत मान्य झाली, ती प्रतिज्ञेच्या बाबतीत नाकारण्यास आधार कोणता?

१९३८ची मराठवाड्यातील मुले आणि १९८५ची केरळातील मुले आम्हांस एकाच पटावरची वाटतात. एकांना म्हणू दिले जात नव्हते, दुसऱ्यांना गप्प राहू दिले जात नव्हते. दोन्ही वेळा शिक्षा एकच होती: शाळेबाहेर काढणे. पहिल्यांचे कौतुक आणि दुसऱ्यांचा तिरस्कार एकाच तोंडाने करता येणार नाही.

म्हणून आमचे मत असे. प्रतिज्ञा शाळेतून जाऊ नये. ती परिपाठातून वर्गात यावी. संपूर्णानंद समितीने सुचवल्याप्रमाणे ती वर्षातून दोनदा, स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी म्हटली जावी आणि ज्याला म्हणावयाची नसेल त्याने आदराने उभे राहावे, एवढे पुरे मानावे. उरलेल्या दिवसांत मराठीच्या शिक्षकाने तिच्यावर एक पाठ घ्यावा. सुब्बारावांचे नाव फळ्यावर लिहावे. त्यातील कोणते वाक्य विधान आहे, कोणते वचन आहे आणि कोणती इच्छा आहे, हे मुलांना शोधू द्यावे. १९३०ची प्रतिज्ञा शेजारी ठेवून दोहोंची तुलना करू द्यावी. महाराष्ट्रातील शाळांत २०२०च्या प्रजासत्ताकदिनापासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा निर्णय झाला. उद्देशिका 'आम्ही'ने बोलते आणि न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही कारणेही सांगते. प्रतिज्ञेतील निष्ठेचा हेतू तेथे सापडतो. पण तीही नुसती घोकली गेली तर तिची गत निराळी होणार नाही.

नैयायिकांच्या पाच अवयवांपैकी पहिला आपण मुलांना साठ वर्षे पाठ करून देत आहोत. हेतू त्यांना वर्गात समजावून देता येईल. उदाहरण मात्र मोठ्यांनाच व्हावे लागते, आणि ते पाठ्यपुस्तकात छापता येत नाही.